जिजींना विचारा : मेहरूणची बोरं, रामाचा रथ आणि एका नातीची मूठ

या महिन्याच्या टपालात फिरण्याची आणि सणावाराचीच पत्रं जास्त निघाली. साहजिक आहे. आपल्या खानदेशात बाहेर पडायचे दिवस म्हणजे दिवाळी ते माघ. नंतर ऊन उंबऱ्याशीच उभं राहतं. पाच पत्रं निवडली आहेत. बाकीच्यांना सवडीने कळवते.

प्रश्न : जिजी, मी मूळची पुण्याची. लग्न होऊन जळगावात आले त्याला सात वर्षं झाली. मुलगा सहाचा, मुलगी तीनची. मी बँकेत आहे, एकच सुटी मिळते. रविवारी जायचं कुठे हा दर आठवड्याचा प्रश्न. ‘तुमच्याकडे बघण्यासारखं काही नाहीच’ असं माहेरचे म्हणतात, आणि आता मलाही तसंच वाटायला लागलंय. शेवटी हॉटेलात शेवभाजी खायची आणि घरी यायचं. — एक वाचक, जळगाव

उत्तर : अगं, शेवभाजी खाता ते छानच करता, पण ती रविवारच्या शेवटाला ठेव. सुरुवात मेहरूण तलावापासून कर. साडेसहाला घर सोडायचं, मुलांना स्वेटर घालायचे आणि सोबत गरम दूध नाहीतर चहा घ्यायचा. त्या वेळी पाण्यावर धूर असतो, काठाशी बगळे उभे असतात आणि चालणारी माणसं एकमेकांना नमस्कार करत जातात. मुलांना काही दाखवायला, समजवायला जाऊ नकोस. त्यांचं ती बघतात.

पौष लागला की त्याच भागातली बोरं बाजारात येतात. मेहरूणचं बोर आकाराने लहान आणि गोल असतं, साल इतकी पातळ की दात लावला की जाणवतही नाही. एक बाजू हिरवट पिवळी, दुसरी तांबूस. ते मोठं लांबोडकं बोर दिसायला रुबाबदार असतं, पण चवीला पाणचट. आपल्या मेहरूणच्या बोराची गोडी त्याला नाही. पूर्वी तिथे बोरांच्या बागाच बागा होत्या. आता प्लॉट पडत गेले, झाडं कमी होत गेली, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. म्हणून सांगते, जोवर मिळतात तोवर मुलाला सोबत नेऊन टोपलीतून त्याच्या हाताने निवडू दे. तुझ्या लेकीचं बोरन्हाण या संक्रांतीला करच. पाच वर्षांपर्यंत करतात, म्हणजे तुला अजून वेळ आहे. चुरमुरे, हलवा, उसाचे करवे आणि मेहरूणची बोरं. शेजारची दहा पोरं बोलाव. रथसप्तमीपर्यंत कुठल्याही रविवारी जमतं.

दुसऱ्या रविवारी जुन्या जळगावात चौधरी वाड्यात जा. बहिणाबाई तिथे राहिल्या. माझं माहेर आसोद्याचं, त्यांचंही आसोद्याचंच, त्यामुळे मला हे लिहिताना भरून येतं. १८८० साली नागपंचमीला जन्मलेली बाई, अक्षर ओळखत नव्हती, आणि २०१८ पासून आपल्या विद्यापीठाला तिचं नाव आहे. वाड्यात त्यांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. तुझ्या मुलाने जातं कधी ओढलं नसेल. तिथून आल्यावर घरात कुठे जुनं जातं असेल तर काढ आणि दोघा भावंडांना मूठभर ज्वारी दळू दे. दहा मिनिटांत हात भरून येतात. मग भाकरीकडे मुलं वेगळ्या नजरेने बघतात, हे मी माझ्या नातवंडांत पाहिलं आहे.

बाकी यादी हवी असेल तर घे : जैन हिल्सवरचं गांधी तीर्थ, त्यासाठी अर्धा दिवस हातात ठेव. संकष्टीला तरसोदचा गणपती, मुलं मोठी झाली की घरून चालत. एरंडोलपासून दहाएक किलोमीटरवरचं पद्मालय, तिथे एकाच गाभाऱ्यात उजव्या आणि डाव्या सोंडेचे दोन गणपती आहेत आणि बाहेर कमळांचं तळं. माहेरच्या मंडळींना एकदा जानेवारीत बोलाव आणि चार दिवस ठेवून घे. मग काय म्हणतात ते मला कळव.

प्रश्न : जिजी, आम्ही पिंप्राळ्याला राहतो. नातू चार वर्षांचा आहे. आषाढीला आमच्या पिंप्राळ्याचा रथ त्याने खांद्यावरून पाहिला. आता कार्तिकी एकादशीचा रामाचा रथ दाखवायचा आहे, पण सूनबाई गर्दीला घाबरते. न्यावं की नाही? — एक आजी

उत्तर : न्या, पण सूनबाईची भीतीही खरी माना. माझं सासर रथ चौकाजवळच. माझा मोठा पाच वर्षांचा असताना याच गर्दीत माझ्या हातातून सुटला. पाऊण तास. आम्ही सगळे वेड्यासारखे धावत होतो. सापडला तेव्हा एका अनोळखी घराच्या ओट्यावर बसला होता, हातात कोणीतरी दिलेलं केळं, आणि मला म्हणतो, ‘आई, मोगरीवाले बघ.’ मला रडू आवरेना आणि त्याचं लक्ष चाकांतच.

तेव्हापासून आमच्या घरचा नियम आहे. लहान मूल रथाच्या पुढे न्यायचं नाही, दोराजवळ तर नाहीच. ओळखीच्या घराचा ओटा किंवा गच्ची आधी सांगून ठेवायची. फोन नंबर चिठ्ठीवर न लिहिता पेनाने मुलाच्या मनगटावर लिहायचा, चिठ्ठी हरवते.

आणि त्याला मोगरीवाल्यांविषयी आधीच सांगून ठेवा. एवढा उंच, लाकडी, अवजड रथ, ओढणारे शेकडो हात, पण तो वळतो आणि थांबतो तो चाकाखाली सरकवलेल्या लाकडाच्या मोगरीने. मोगरी लावणारा माणूस फिरत्या चाकाशी वाकलेला असतो, त्याची नजर क्षणभर हलत नाही. नेमक्या क्षणी मोगरी सरकवतो आणि झटकन मागे होतो. मुलांना देवाच्या मूर्तीइतकंच हे पाहायला आवडतं. १८७२ पासून हा रथ निघतो. भिलपुऱ्यात लालशाबाबांच्या समाधीपाशी तो थांबतो, तिथे चादर चढते. मी नवी सून होते तेव्हा सासऱ्यांनी मला मुद्दाम ती जागा दाखवली होती. म्हणाले होते, ‘पोरी, आपल्या गावचा राम इथे थांबल्याशिवाय पुढे जात नाही.’ तुमच्या नातवालाही तुम्हीच दाखवा, मोबाइलवर नको.

यंदा एकदम एकादशीची घाई वाटत असेल तर एक मधला मार्ग आहे. कार्तिक प्रतिपदेपासून रोज संध्याकाळी रामाचं एकेक वाहन निघतं. त्याला रथाएवढी गर्दी नसते. त्यातलं एखादं आधी दाखवा. नातू रमला तर सूनबाईच म्हणेल, रथालाही जाऊ.

प्रश्न : जिजी, मी यावल तालुक्यातला, नोकरी पुण्यात. जानेवारीत ऑफिसातले आणि घरचे मिळून चाळीस जण आमच्या मळ्यात भरीत पार्टीला येणार आहेत. दरवर्षी सगळं आई बघायची. गेल्या पावसाळ्यात ती गेली. तिचा अंदाज कुठे लिहून ठेवलेला नाही. किती वांगी, किती पीठ, काहीच कळत नाही. — एक वाचक

उत्तर : बाळा, तुझं पत्र दोनदा वाचलं. पार्टी रद्द केली नाहीस हे फार चांगलं केलंस. आता मी सांगते ते एका वहीत लिही, म्हणजे पुढच्या वेळी घरात लिहिलेलं असेल.

चाळीस माणसांना पंधरा किलो वांगी. आपली भरिताचीच, मोठी, फिकट हिरवी, पांढऱ्या रेषांची. २०१६ साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते याच वांग्याला. आकाराच्या मानाने हाताला हलकं लागेल ते वांगं उचल, जड लागतं त्यात बिया असतात. देठ हिरवा आणि ताठ हवा. हिरवी मिरची पाऊण किलो, लसूण अर्धा किलो, शेंगदाणे एक किलो, सुक्या खोबऱ्याचे काप पाव किलो, तेल दोन लिटरपर्यंत, कांद्याच्या पातीच्या आठ मोठ्या जुड्या, कोथिंबीर भरपूर. हळद नाही. टोमॅटो नाही. कोणी हौसेने आणला तर तो कोशिंबिरीला दे.

कळण्याच्या भाकरीच्या पिठासाठी सहा किलो ज्वारीला दीड किलो अख्खे उडीद, जाडं मीठ, मूठभर मेथ्या, सगळं एकत्र दळून आण. चाळीस जणांना चुलीवर भाकरी पुरवायच्या तर तीन हात तरी लागतात. गावातल्या काकू-मावश्यांना चार दिवस आधी सांग. त्या नाही म्हणणार नाहीत, तुझ्या आईने त्यांच्या घरच्या कार्यांत असंच केलं असेल. भाकरी नाहीच जमल्या तर कळण्याच्या पुऱ्या.

कपाशीच्या काड्या आधी आणून वाळवून ठेव. वांग्याला सुरीने दोन-तीन ठिकाणी टोचायचं, तेलाचा हात फिरवायचा आणि काड्यांच्या जाळावर टाकायचं. लाकडाचा जाळ नको, तो बाहेरून करपवतो आणि आत कच्चं ठेवतो. काड्यांचा जाळ भर्रकन येतो आणि भर्रकन जातो, म्हणून एक माणूस सतत काड्या घालायला आणि एक वांगी फिरवायला हवा. देठाजवळ बोटाने दाबलं की बोट आत गेलं पाहिजे. साल काळी होऊन सुटायला लागते, आतून पाणी सुटून चर्र आवाज येतो, आणि तो वास मळाभर जातो. सोलताना हाताला पाणी लावायचं, पण वांगं पाण्यात बुडवायचं नाही. बुडवलं की धुराचा वास गेला, मग काय उरलं?

सोललेली वांगी, भाजलेल्या मिरच्या, लसूण, मीठ हे सगळं बडगीत, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात, घालून ठेच. मिक्सरची गोष्टही काढू नकोस, त्याने गराचा चिकट गोळा होतो. बडगीत रेषा राहतात. बडगी जुनी, घरातलीच काढ. वर्षभर न वापरलेली असेल तर आदल्या दिवशी धुऊन उन्हात ठेव. पुण्याच्या पाहुण्यांना पाळीपाळीने ठेचायला बसव, त्यांना नुसतं खायला बोलावलं तर ते दोन फोटो काढतील आणि खाटेवर बसून राहतील. शेवटी तेलात शेंगदाणे, खोबरं तळून, पात परतून वरून घालायची.

पहिलं ताट आईच्या फोटोपुढे ठेव. मग पंगत बसव.

प्रश्न : सासूबाई सत्तर वर्षांच्या, गुडघे दुखतात. आयुष्यभर जळगावात राहून त्यांनी अजिंठा पाहिलेला नाही. नेता येईल का? — एक सून, जळगाव

उत्तर : येईल. आपल्याकडून साठ किलोमीटर. सोमवारी लेणी बंद असतात, हे आधी लक्षात ठेव, कित्येक जण फाटकावरून परत येतात. आपली गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटला ठेवावी लागते, तिथून बस लेण्यांपाशी सोडते. त्यानंतर पायऱ्या आहेत, त्यांना सावकाश चढू दे. नाहीच झालं तर डोलीवाले मिळतात, त्यात संकोच करू नका.

तीसही लेणी दाखवायचा हट्ट धरू नकोस. पहिलं आणि दुसरं अगदी सुरुवातीलाच आहे, तिथे निवांत बसवा. पहिल्यातला पद्मपाणी डोळे अंधाराला सरावल्यावर दिसायला लागतो, म्हणून आत गेल्यावर लगेच बाहेर पडू नका. अंगात बळ असेल तर मग सव्विसावं, निजलेल्या बुद्धाचं. आणि खाली वळसा घालून जाणारी नदी त्यांना दाखव. ती वाघूर. आपल्या जळगावच्या नळाला याच नदीवरच्या धरणाचं पाणी येतं. त्यांनी जन्मभर भरलं ते पाणी कुठून येतं, तेही एकदा बघतील.

प्रश्न : जिजी, मी अमळनेर तालुक्यातला शेतकरी, वय चौऱ्याहत्तर. तीन मुलगे, एक सुरतला, एक नाशिकला, एक पुण्याला. वर्षभर कोणी येत नाही, पण श्रावणात कानबाईला सगळे येतात. यंदा रोटासाठी प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू घेत होतो. पुण्याची अकरा वर्षांची नात शेजारी बसून मोजत होती. सगळ्यांची नावं झाल्यावर म्हणाली, ‘आबा, माझ्या नावाची मूठ राहिली.’ मी म्हटलं, बेटा, मुलींची नसते. ती काही बोलली नाही. पण रात्री जागरणाला गाणी चालली होती तेव्हा ती आत जाऊन झोपली. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. पुढच्या वर्षी तिची मूठ घेतली तर भाऊबंद काय म्हणतील? देवीचा कोप होईल का? — एक आजोबा

उत्तर : आबा, तुमचं पत्र मी चार दिवस उशाशी ठेवलं. घाईने उत्तर द्यावंसं वाटेना.

ज्यांना कानबाई माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नागपंचमीनंतरचा जो पहिला रविवार, त्या दिवशी खानदेशात घराघरांत कानबाई बसते. चौरंगावर नारळ, त्याला नथ, दागिने, खण, मागे केळीच्या खांबांची आरास. मुठीमुठीने घेतलेल्या त्या गव्हाच्या पिठाचे रोट म्हणजे देवीचा प्रसाद, ते भाऊबंदांनीच खायचे, म्हणून विखुरलेलं कुळ त्या दोन दिवसांत एका छताखाली येतं. रात्रभर गाणी, सोमवारी सकाळी बायका कानबाईला डोक्यावर घेऊन नदीवर निघतात, वाटेत फुगड्या. दिवाळीला न येणारा मुलगाही कानबाईला रजा टाकून येतो, ते तुम्ही लिहिलंच आहे.

माझ्या सासरीही मूठ पुरुषांच्याच नावाची. मला दोन मुली झाल्यावर मोठा मुलगा झाला. त्या मधल्या वर्षांत रोटाच्या दिवशी माझ्या घराची एकच मूठ पडायची, यजमानांची. जावेच्या घराच्या चार. कोणी मला काही बोललं नाही, पण पाटीतले ते गहू मी डोळ्यांनी मोजायची. म्हणून तुमची नात का झोपायला गेली ते मला ठाऊक आहे.

सासूबाई माझ्या फार कडक होत्या. सोवळं, वेळा, सगळं काटेकोर. धाकटी माझी सात वर्षांची असताना तिने हेच विचारलं, अगदी तुमच्या नातीसारखंच. सासूबाई जरा थांबल्या. मग काही न बोलता पाटी तिच्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, ‘घे, तुन्ही मूठ तूच घे.’ त्या एरवी आमच्याशी शहरी बोलायच्या, मनातलं असलं की अहिराणी यायची. लेकीने मूठ भरली. इवलीशी मूठ, त्यात गहू किती मावणार? सव्वा मूठ म्हणून पुन्हा चिमूटभर घेतले. पन्नास-साठ दाणे असतील. सासूबाईंनी ते बाकीच्या गव्हात मिसळले आणि जात्यावर बसल्या. चुलत सासऱ्यांनी विचारलं, हे काय नवीन? तर म्हणाल्या, ‘देवी बाई, तिला वाहणारी बाई, गाणी म्हणणारी बाई. मग घरातली पोर काय परकी?’ त्यावर कोणी बोललं नाही. त्या वर्षापासून आमच्याकडे घरात जन्मलेल्या प्रत्येकाची मूठ पडते. देवीचा कोप झाला नाही, आबा. मुली सासरी गेल्या, दोन्हींचं बरं चाललं आहे, आणि कानबाईच्या रविवारी त्यांचा फोन येतो, ‘आई, आमच्या नावाची घेतली ना?’ मी घेते.

भाऊबंदांचं म्हणाल तर आधी बैठक बसवून परवानगी मागू नका. परवानगी मागितली की चार मतं निघतात आणि दोन घरं रुसतात. तुम्ही घरातले वडील. गहू तुमच्या हाताने मोजले जातात. कोणी विचारलंच तर माझ्या सासूबाईंचं उत्तर तुमचं म्हणून द्या, त्यांना आवडलं असतं.

पण श्रावण अजून लांब आहे, तोवर थांबू नका. या रविवारी पुण्याला फोन लावा. मुलाशी नाही, नातीशी बोला. तिला सांगा की यंदा आबांचं मोजायचं चुकलं, आणि पुढच्या कानबाईला गव्हाची पाटी तिच्यासमोर ठेवणार आहे. सगळ्यांची नावं लिहून काढायचं काम तिला द्या, चुलत बहिणींचीही. ती यादी तिनेच येताना घेऊन यावी.